ईल अंडी घालतो कुठे? ‘माहीत आहे’ आणि ‘पाहिलं आहे’ यांतलं अंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: युरोपातल्या नद्यांमधले ईल, म्हणजे सापासारखे लांबट मासे, अटलांटिक ओलांडून त्याच्या पश्चिम भागातल्या सारगासो समुद्रात जातात आणि तिथे अंडी घालतात, असं शंभर वर्षं पुस्तकांत छापलं जातंय. पण त्या समुद्रात या माशाचं एकही अंडं आजवर सापडलेलं नाही, असंही तुम्ही वाचलंत. मग पुस्तकं चुकली आहेत, की संशोधक उगाच शंका काढत बसले आहेत?

दोन्ही विधानं खरी आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी खरी कशी असू शकतात हे सांगण्यातच सगळं उत्तर आहे. ईलचे डिंभक, म्हणजे अंड्यातून निघालेली पिल्लं, जाळ्यातून काढून सूक्ष्मदर्शकाखाली निवडण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यामुळे कुठल्या गोष्टीचा पुरावा कितपत घट्ट आहे, हे जरा तपशिलात सांगतो.

आधी माशाकडे बघू, कारण अडचणीची सुरुवात त्याच्या शरीरातच होते. नदीतला ईल कापून पाहिला तर त्यात अंडी किंवा शुक्र कधीच मिळत नाहीत. ॲरिस्टॉटललाही ते मिळाले नव्हते, म्हणून ईल चिखलातून आपोआप जन्मतात असं त्याने लिहून ठेवलं. त्या विधानावर आज हसणं सोपं आहे, पण त्याचं निरीक्षण बरोबर होतं, चुकलं ते अनुमान. मादीचा बीजकोश ओळखायला १७७७ साल उजाडावं लागलं. बोलोन्याच्या कार्लो मोन्दिनीने ते काम केलं. नराचं वृषण ओळखायला आणखी जवळजवळ शंभर वर्षं गेली. १८७४ मध्ये शिमोन सिर्स्कीने ट्रिएस्टला एक बारीक, पाळीदार अवयव दाखवला. तो खरंच वृषण आहे का हे तपासायला १८७६ मध्ये एक विशीतला विद्यार्थी तिथे गेला, त्याने सुमारे ४०० ईल कापले आणि तरीही तो छातीठोक उत्तर देऊ शकला नाही. त्याचं नाव सिगमंड फ्रॉइड. त्याच्या अभ्यासात कसूर नव्हती; पक्व अवस्थेतला नर तिथे नव्हताच.

कारण असं की ईल कच्च्या अवस्थेतच घर सोडतो. नदीत पाच, दहा, कधी वीस-वीस वर्षं तो पिवळसर अंगाने वाढतो. मग एका शरद ऋतूत त्याचं पोट रुपेरी होतं, डोळे मोठे होतात, आतडं आक्रसतं, खाणं थांबतं, आणि तो समुद्राची वाट धरतो. त्या वेळी मादीच्या बीजकोशाचं वजन तिच्या एकूण वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास असतं. प्रयोगशाळेत संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन मादी पूर्ण पिकवली, की हेच प्रमाण निम्म्याच्या जवळ जातं. म्हणजे पिकण्याची सगळी प्रक्रिया वाटेत, खोल पाण्यात, आपल्या नजरेआड, साठवलेल्या चरबीवर होते. सामन नदीत चढून येतो आणि उथळ पाण्यात अंडी घालतो, त्यामुळे काठावर उभं राहूनही त्याची वीण बघता येते. ईलचा प्रवास नेमका उलटा, आणि तो जिथे संपतो तिथे काठच नाही.

त्यामुळे विणीची जागा शोधायची तर ती पिल्लांवरूनच शोधावी लागली. पिल्लंसुद्धा ओळखू येत नव्हती! १८५६ मध्ये योहान याकोब काउपने विळ्याच्या पात्यासारख्या चपट्या, पारदर्शक अशा एका इवल्या माशाची वेगळी जात म्हणून नोंद केली आणि तिला लेप्टोसेफॅलस ब्रेव्हिरॉस्ट्रिस हे नाव दिलं. हा मासा छापील कागदावर ठेवला तर त्याच्या अंगातून अक्षरं वाचता येतात. मेसिनाच्या सामुद्रधुनीजवळ काम करणाऱ्या ग्रासी आणि कालान्द्रुच्चो यांनी १८९६च्या सुमारास दाखवून दिलं, की ही वेगळी जात नसून ईलचाच डिंभक आहे; त्याचं रूपांतर होऊन काचेसारखा पारदर्शक बाल-ईल तयार होतो. ग्रासीला वाटलं, कोडं सुटलं: ईल भूमध्य समुद्रातच वितात.

इथे योहानेस श्मिट हा डॅनिश जीवशास्त्रज्ञ येतो. १९०४ मध्ये ‘थोर’ या डॅनिश जहाजावर, फेरो बेटांच्या पश्चिमेला, त्याच्या जाळ्यात ७७ मिलिमीटर लांबीचा एक लेप्टोसेफॅलस आला. भूमध्य समुद्रात जन्मलेलं पिल्लू तिथे कसं पोहोचेल? श्मिटची युक्ति साधी होती, आणि मला ती आजही अतिशय सुंदर वाटते. फाटक्या पोत्यातून वाटभर धान्य सांडत गेलं असेल, तर सांडलेल्या दाण्यांच्या मागावर उलटं चालत पोतं कुठे फाटलं ते सापडतं. तसंच, जिथे सगळ्यांत लहान पिल्लं मिळतील तिथे जन्मस्थान जवळ. भूमध्य समुद्रात त्याला मिळालेले डिंभक सगळे वाढलेले, साठ मिलिमीटरांच्या पुढचे. म्हणजे ते बाहेरून आत आलेले. अटलांटिकमध्ये पश्चिमेला आणि दक्षिणेला सरकत जावं तसे डिंभक लहान होत गेले. त्याने व्यापारी जहाजांच्या कप्तानांना जाळी देऊन नमुने गोळा करवले, ‘मार्गरेटे’ नावाचं जहाज १९१३ मध्ये या मोहिमेत गमावलं, मधे महायुद्ध झालं, आणि शेवटी १९२०-२२ मध्ये ‘डाना’ या जहाजावरून त्याला सारगासो समुद्रात दहा मिलिमीटरांहूनही लहान डिंभक मिळाले. १९२३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निष्कर्ष छापून आला, आणि तेव्हापासून तो पाठ्यपुस्तकांत आहे.

आता या पुराव्याची ताकद आणि मर्यादा. ईलचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा जेमतेम तीन मिलिमीटरांचं असतं. दहा मिलिमीटरांचं होईपर्यंत त्याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात प्रवाह त्याला पुष्कळ लांब नेऊ शकतो. श्मिटनंतर अटलांटिकमध्ये पाच मिलिमीटरांच्या आसपासचे डिंभकही मिळाले आहेत. ते साधारण आठवडाभराचे. पण ते एका ठिकाणी मिळालेले नाहीत. बर्म्युडाच्या दक्षिणेला पूर्व-पश्चिम पसरलेला, दोन हजार किलोमीटरांच्या आसपास लांबीचा एक पट्टा आहे, त्यात ते विखुरलेले आहेत. तेव्हा ‘सारगासो समुद्रात’ हे उत्तर एखाद्याचं घर ‘दख्खनच्या पठारावर’ आहे असं सांगण्यासारखं आहे. खोटं अजिबात नाही. पण त्यावरून दार ठोठावता येत नाही.

श्मिटवर टीकाही झाली, आणि ती तुम्हाला माहीत असावी. १९८५ मध्ये बोएटियस आणि हार्डिंग यांनी त्याचे जुने आकडे पुन्हा तपासले, तेव्हा दिसलं की त्याने निष्कर्ष मांडताना हाती असलेल्या पुराव्यापेक्षा जास्त ठाम भाषा वापरली होती. माझं मत असं, की त्या टीकेने श्मिटचं काम मोडलं नाही. पण त्याच्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याची सवय मोडली, आणि ते गरजेचं होतं. त्यानंतरच्या मोहिमांनी लहान पिल्लांचा पट्टा पुन्हा त्याच भागात दाखवला.

या पट्ट्यात ईल एखादी जागा कशी हेरत असेल? १९८०च्या दशकात क्लेकनर आणि मॅक्क्लीव्ह यांनी एक धागा पुढे आणला: उत्तरेचं थंड पाणी आणि दक्षिणेचं उबदार पाणी जिथे भेटतं, तिथे तापमानाची एक ठळक सीमा तयार होते, आणि अगदी लहान पिल्लं बहुधा त्या सीमेवर किंवा तिच्या दक्षिणेला सापडतात. ही सीमा दर वर्षी सरकते, वाकते, तुटते. खोलवरून येणाऱ्या माशाला पाण्याच्या वासातला किंवा तापमानातला हा बदल खुणेसारखा असावा, ही कल्पना पटते. पण ईल नेमका कशावरून थांबतो हे तपासायचं तर थांबलेला ईल सापडायला हवा, आणि तो सापडलेला नाही.

युरोपीय ईलबरोबर अमेरिकी ईलही याच समुद्रात वितो. दोघांची पिल्लं दिसायला सारखीच. श्मिटच्या काळी ती मणक्यांच्या (डिंभकात स्नायूंच्या खंडांच्या) संख्येवरून वेगळी करत: अमेरिकी ईलचे सरासरी १०७ मणके, युरोपीय ईलचे ११४-११५. तासन्‌तास तिरक्या प्रकाशात त्या रेघा मोजायच्या आणि एक चुकली की पुन्हा पहिल्यापासून. आज डीएनएने हे काम होतं. मात्र या फरकामुळेच १९५९ मध्ये डेनिस टकरने खळबळ उडवून दिली. त्याचं म्हणणं, युरोपातले ईल इतकं अंतर कापूच शकत नाहीत, ते वाटेत मरतात. युरोपात येणारी पिल्लं खरं तर अमेरिकी ईलचीच, आणि मणक्यांतला फरक वाढीच्या वेळच्या तापमानामुळे पडतो. कल्पना बिनबुडाची नव्हती, कारण तापमानाने मणक्यांची संख्या बदलते हे इतर माशांत दिसलेलं होतं. पण आनुवंशिक तपासणीने ती खोडली. दोन्ही जाती वेगळ्या आहेत. त्यांचे संकर मात्र आइसलँडच्या नद्यांमध्ये सापडतात, आणि हा संकर विणीबद्दल एक मोलाची गोष्ट सांगून जातो: दोन्ही जातींची विणीची जागा आणि वेळ कुठेतरी, काही प्रमाणात, एकमेकींवर चढते. प्रत्यक्ष वीण न पाहता मिळालेला हा पुरावा माझ्या दृष्टीने फार देखणा आहे.

यापेक्षा पुढे मजल गेली ती प्रशांत महासागरात. जपानी ईलची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण अटलांटिकमध्ये काय कमी पडतंय ते तिच्यावरून नीट कळतं.

जपानी संशोधकांनीही श्मिटचीच वाट धरली. १९९१ मध्ये कात्सुमी त्सुकामोतो यांच्या पथकाने ‘हाकुहो मारू’ या जहाजावरून मारियाना बेटांच्या पश्चिमेला दहा मिलिमीटरांच्या आसपासचे डिंभक शेकड्यांनी पकडले. पिल्लांच्या प्रवासाशी ही जागा नीट जुळत होती. तिथून विषुववृत्ताच्या उत्तरेकडचा प्रवाह पश्चिमेला वाहतो आणि फिलिपिन्सजवळ फुटतो. उत्तरेची शाखा कुरोशिओ होऊन तैवान, चीन, जपानकडे जाते, दक्षिणेची मिंदानाओकडे. पिल्लू चुकीच्या शाखेत पडलं की संपलं. म्हणजे आईने अंडी कुठे घातली यावर पिल्लाचं सगळं नशीब ठरतं.

पण १९९१ नंतर गाडी अडली. वर्षामागून वर्षं मोहिमा झाल्या, आणि त्याहून लहान पिल्लं मिळेनात. मग त्सुकामोतोंनी दोन तर्क एकत्र केले. पहिला वेळेचा. माशाच्या कानात ओटोलिथ नावाचा चुन्याचा खडा असतो, त्यावर रोज एक कडं चढतं. कडी मोजली की वय दिवसांत कळतं, आणि पकडल्याच्या तारखेतून ते वजा केलं की जन्माचा दिवस. हे जन्मदिवस महिनाभर सारखे पसरलेले नव्हते. अमावस्येच्या आसपास गोळा झालेले होते. दुसरा तर्क जागेचा. त्या भागात समुद्राच्या तळावरून उठलेली पर्वतरांग आहे, आणि जिथे ती रांग आणि पाण्याच्या खारटपणातली सीमा एकमेकींना छेदतात तो टापू माशांना भेटण्याच्या खुणेसारखा असावा.

जून २००५ मध्ये, अमावस्येच्या सुमारास, सुरुगा या सागरी पर्वताच्या पश्चिमेला अंड्यातून निघून जेमतेम दोन ते पाच दिवस झालेली पिल्लं मिळाली. २००८ मध्ये त्या परिसरातून पक्व अवस्थेतले मोठे ईल जाळ्यात आले. आणि मे २००९ मध्ये, अमावस्येच्या दोन-तीन दिवस आधी, ३१ अंडी मिळाली. सरासरी व्यास १.६ मिलिमीटर. जहाजावरच डीएनए तपासून ती जपानी ईलची असल्याची खात्री करून घेतली. जगातल्या कुठल्याही गोड्या पाण्यातल्या ईलची खुल्या समुद्रातून मिळालेली ही पहिली अंडी. १९९१ पासून मोजलं तर अठरा वर्षं.

आता एक हिशेब लक्षात घ्या. त्या उबदार पाण्यात ईलचं अंडं सुमारे दीड दिवसात फुटतं. वीण महिन्यातून एकदाच, अमावस्येआधीच्या काही रात्रींत होत असेल, तर अंड्याच्या रूपात ते समुद्रात फक्त मोजके तास असतं. हंगाम काही महिन्यांचा. म्हणजे वर्षभरात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके दिवस, आणि त्या दिवसांत योग्य खोलीवर (अंडी सुमारे १६० मीटरांच्या आसपास असावीत असा अंदाज निघाला) नेमक्या काही किलोमीटरांच्या टापूत जाळं असायला हवं. सारगासोत अंडी का मिळाली नाहीत, याचं उत्तर मला यात दिसतं. तिथला पट्टा कितीतरी मोठा, पर्वतरांगेसारखी ठळक खूण नाही, आणि ईलची संख्या गेल्या चार दशकांत झपाट्याने कमी झालेली. अंडं न सापडणं हा तिथे वीण होत नसल्याचा पुरावा मानता येत नाही.

आणि जपानी ईलच्या बाबतीतही मिलन आजवर कुणी पाहिलेलं नाही. कॅमेरे खोल सोडून झाले, तरीही. अंडी मिळालेली जागाही एका बिंदूत बसवता येत नाही. खारटपणाची सीमा उत्तर-दक्षिण हलली की वीणही तिच्यामागून सरकते, असं दिसतं. ‘अमुक पर्वताजवळ वितात’ असं कुणी लिहिलं असेल तर ते त्या वर्षीचं, त्या महिन्याचं उत्तर समजा.

अटलांटिकमध्ये दुसरी वाट धरली गेली: मोठ्या माशाच्या पाठीवर उपग्रहाला माहिती पाठवणारं यंत्र बांधायचं. ठरलेल्या दिवशी ते सुटून वर तरंगतं आणि साठवलेली खोली, तापमान, उजेड यांची नोंद पाठवतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅनडाच्या नोवा स्कॉशियाजवळून सोडलेल्या ३८ अमेरिकी ईलपैकी एक, सुमारे २,४०० किलोमीटर पोहून, सारगासोच्या उत्तर सीमेपर्यंत पोहोचला. एक! २०१६ मध्ये युरोपच्या वेगवेगळ्या किनाऱ्यांवरून सोडलेल्या शेकडो ईलच्या नोंदी एकत्र केल्या गेल्या, आणि त्यांतून एक जुनी समजूत हलली. शरद ऋतूत निघालेले सगळे ईल पुढच्या वसंतात विण्यासाठी पोहोचतात असं आम्ही मानत होतो. पण कित्येकांचा वेग पाहता ते त्या हंगामात पोहोचूच शकत नव्हते. ते बहुधा आणखी एक हंगाम घेतात. दिवसा ६०० ते १,००० मीटरांच्या थंड काळोखात आणि रात्री दोनशे-तीनशे मीटरांवर, असा त्यांचा रोजचा चढ-उतार असतो. काही नोंदींत तापमान एकदम चढून तिशीच्या वर स्थिरावतं आणि खोलीचा आलेख अचानक वेगळा होतो. अशा वेळी ते यंत्र एखाद्या दातेरी देवमाशाच्या पोटात गेलेलं असतं. अशी नोंद पहिल्यांदा समोर येते तेव्हा पोटात कालवतं, कारण दोन मिनिटांपूर्वी तुम्ही त्या माशाबरोबर अटलांटिक ओलांडत असता.

२०२२ मध्ये ॲझोर्स बेटांवरून सोडलेल्या २६ माद्यांचा अभ्यास आला. ॲझोर्स निवडण्यात शहाणपण होतं: युरोपाच्या किनाऱ्यावरून निघालेल्या ईलचा माग आधीच्या अभ्यासांत तिथवरच लागला होता, त्यापुढचा टप्पा कोरा होता. त्यांतल्या पाच सारगासोच्या हद्दीत पोहोचल्या, आणि एक विणीचा मानलेल्या भागापर्यंत गेली. मोठा युरोपीय ईल तिथवर खरोखर पोहोचतो याचा हा पहिला थेट पुरावा. थोडं थांबून विचार करा: श्मिटच्या लेखानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. तरीही माझी एक शंका राहते. पाठीवरचं यंत्र माशाला ओढ देतं, त्याचा वेग कमी करतं. त्यामुळे किती दिवसांत पोहोचतो या आकड्यावर मी फार वजन टाकणार नाही. दिशेवर टाकेन.

मधेच, २०२० मध्ये, एक वेगळा तर्क पुढे आला: वीण सारगासोच्या पट्ट्यात नसून त्याच्या पूर्वेला, अटलांटिकच्या मधोमध जाणाऱ्या पर्वतरांगेवर होत असावी. जपानी ईलच्या पर्वतरांगेशी असलेलं साम्य, प्रवाहांची संगणकीय गणितं, आणि पिल्लांच्या ओटोलिथमधलं मँगनीज (अशा रांगांवर ज्वालामुखी उष्ण झऱ्यांमधून ते पाण्यात येतं) हा त्याचा आधार. हा तर्क मांडणाऱ्यांत त्सुकामोतोही आहेत, तेव्हा तो झटकून टाकण्यासारखा नाही. पण माझा कौल सध्या त्याच्या बाजूने नाही. सगळ्यांत लहान पिल्लं पश्चिमेला मिळतात, हे श्मिटच्या वेळेपासूनचं निरीक्षण त्याला पार करावं लागेल. त्या रांगेवर पाच मिलिमीटरांचा एक डिंभक मिळाला, तर मी माझं मत आनंदाने बदलेन.

बाकी जातींचं चित्र आणखी विरळ आहे. गोड्या पाण्यातल्या ईलच्या एकूण सोळाच्या आसपास जाती, आणि सगळ्याच काही हजारो किलोमीटर जात नाहीत. इंडोनेशियातला सेलेबेस ईल घराजवळच्या तोमिनी उपसागरासारख्या पाण्यातच वितो. तिथे १२-१३ मिलिमीटरांचे डिंभक मिळाले आहेत. यामुळे एक विचार रुजला, की ईलच्या पूर्वजांची वीण उष्ण कटिबंधातल्या खोल समुद्रात होती, आणि नद्यांचा शोध घेत ते दूर पसरले तसा परतीचा प्रवास लांबत गेला. डीएनएवरून काढलेल्या वंशवृक्षातही त्यांचे जवळचे नातेवाईक खोल समुद्रातलेच निघाले. हिंदी महासागरात सुमात्राच्या पश्चिमेला पूर्वीच्या डॅनिश मोहिमेत ईलचे लहान डिंभक मिळाले होते, त्यावरून तिथे एक विणीचं क्षेत्र मानलं जातं. मादागास्करच्या पूर्वेला दुसरं असावं, असं प्रवाहांवरून आणि ओटोलिथवरून सुचवलं गेलंय. न्यूझीलंडच्या लांबपरी ईलच्या काही माद्या यंत्रं लावून उत्तरेला उष्ण समुद्राकडे जाताना दिसल्या; विणीची जागा त्यांच्यामागून पोहोचून कुणी गाठलेली नाही.

हे सगळं निव्वळ कुतूहल म्हणून राहिलं असतं तरी मला पुरलं असतं. पण युरोपाच्या किनाऱ्यावर येणारे बाल-ईल १९८० नंतर ९० टक्क्यांहून जास्त घटले आहेत, आणि २००८ पासून हा मासा अत्यंत धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. घट नद्यांवरच्या धरणांमुळे, मासेमारीमुळे, परजीवी कृमींमुळे, की समुद्रात पिल्लांना अन्न मिळत नसल्यामुळे? पहिल्या तीन गोष्टी नदीत मोजता येतात. चौथी मोजायला पिल्लं कुठे जन्मतात आणि पहिले काही दिवस काय खातात हे माहीत हवं. जपानी संशोधकांनी २०१० मध्ये बंदिस्त पाण्यात ईलचं पूर्ण जीवनचक्र फिरवून दाखवलं, म्हणजे पाळलेल्या ईलची पिल्लं मोठी करून त्यांच्याकडूनही पिल्लं मिळवली. त्या वाटेत सगळ्यांत मोठा अडथळा डिंभकांच्या अन्नाचाच होता. नैसर्गिक समुद्रात ते वरून झिरपत येणारा सेंद्रिय कचरा आणि सूक्ष्म जीवांनी टाकलेली जेलीसारखी आवरणं खातात, असं त्यांच्या पोटातल्या अवशेषांवरून दिसतं; टाकीत तसंच काही देणं सोपं नाही.

पुढच्या वेळी ‘ईलच्या विणीचं गूढ उकललं’ अशी बातमी वाचाल तेव्हा तीन गोष्टी शोधा. मिळालं ते काय: मोठा मासा, डिंभक, की अंडं? डिंभक असेल तर किती मिलिमीटरांचा? पाच आणि पंचवीस मिलिमीटरांत महिन्याभराहून जास्त प्रवाहाचं अंतर असतं. आणि ओळख कशी पटवली? उष्ण समुद्रातल्या एका जाळ्यात कोंगर, मोरे आणि इतर कित्येक सागरी ईलचे लेप्टोसेफॅलस असतात, आमच्या माशापेक्षा कितीतरी जास्त. अंड्यांचं तर विचारूच नका. दीड मिलिमीटरांचा तो स्वच्छ गोळा कुणाचा, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. जहाजावर रात्री अडीच वाजता जाळं वर येतं, नमुना बर्फावर ठेवून एकेक गोळा बारीक नळीने उचलला जातो, त्याचा डीएनए यंत्रात जातो, आणि पुढचे काही तास डेकवर कुणी झोपत नाही. सारगासोत ही तपासणी आजवर जितक्या अंड्यांची झाली, त्यांत युरोपीय ईलचं एकही निघालेलं नाही.